पाचफुटी टाकी आणि दोन हजारांतली गाळणी

या महिन्यात आलेल्या पत्रांत गढूळ पाण्याची तक्रार सगळ्यात जास्त आहे, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवतो. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच, की माझी नोकरी सांगलीकडच्या एका जलशुद्धीकरण केंद्रावर फिल्टर ऑपरेटर म्हणून झाली. कृष्णेचं पावसाळी, चहासारखं पाणी तुरटी, निवळण टाकी आणि वाळूच्या थरातून जाऊन नितळ होताना मी ३१ वर्षं रोज पाहिलं. घरातल्या माशांच्या टाकीकडेही मी त्याच नजरेने बघतो.

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी आहे. त्यात वीतभर झालेले दोन ऑस्कर, सहा सिल्व्हर डॉलर आणि काच साफ ठेवायला म्हणून दुकानदाराने दिलेला एक सकर आहे. पाण्यात बुडवून ठेवायचे दोन इंटर्नल फिल्टर चोवीस तास चालू असतात, तरी पाण्यात कण तरंगतात आणि तळाला दोऱ्यासारखी घाण साचते. दुकानदार कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) घ्या म्हणतात, तो १४-१५ हजारांच्या घरात जातो. माझी तयारी दोन हजारांची आहे. घरी काही बनवता येईल का? पाणी बोअरचं आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बनवता येईल, आणि दोन हजारांत बसेल. माझ्या घरी अगदी याच मापाची टाकी आहे. तिच्यावरची गाळणी मी दीड वर्षापूर्वी हाताने केली, तेव्हा १८२० रुपये लागले. पंप ८५०, प्लास्टिकचा टब ३२०, पाइप, टँक निपल (टबाच्या भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) आणि एल्बो मिळून २६०, स्पंज २४०, जाळी ९० आणि कापूस ६०. तुमच्याकडे भावात थोडा फरक पडेल.

आधी तुमचे दोन फिल्टर का पुरत नाहीत ते पाहू. टाकीचं माप २० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६६ लिटर. काचेची जाडी, तळाचे गोटे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५०० लिटर धरा. एवढं पाणी तासाला किमान चार वेळा गाळणीतून जायला हवं, म्हणजे तासाला २००० लिटर. इंटर्नल फिल्टरमधला स्पंज मुठीएवढा असतो. तो दोन दिवसांत चोंदतो आणि मग पंप नुसता गुरगुरत राहतो.

त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. केंद्रावर वाळूच्या फिल्टरचा हिशेब आम्ही कधी वाळूच्या खोलीवर केला नाही, तो क्षेत्रफळावर व्हायचा. एक चौरस मीटर वाळूतून तासाला साधारण ५००० लिटर पाणी सोडायचं. त्याहून वेगाने सोडलं तर कण वाळूत न थांबता खाली निघून जातात. स्पंज वाळूपेक्षा मोकळा असल्यामुळे जास्त वेग सोसतो, पण नियम तोच राहतो. टाकीवर ठेवायचा तयार ओव्हरहेड फिल्टर पाहिलात तर तो १२ इंच लांब आणि ४ इंच रुंद असतो, म्हणजे ४८ चौरस इंच. २ फूट बाय १ फुटाचा साधा टब घेतला की २८८ चौरस इंच मिळतात. तेच पाणी सहापट जागेवर पसरतं आणि सहापट हळू उतरतं. चार-पाच थर एकावर एक रचलेला उंच डबा दिसायला भारी वाटतो, पण घाण अडते ती पहिल्या थरावर. म्हणून गाळणी उंच करू नका, रुंद करा.

टब घ्यायचा तो जाड प्लास्टिकचा, ९ इंच खोल. पातळ टब पाण्याने फुगतो. एका टोकाला तळाशी दीड इंची टँक निपल बसवा. एक इंचीचा मोह टाळा. पंप पाणी जोराने वर फेकतो, पण खाली ते फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि दोन-तीन इंच पाण्याच्या दाबावर एक इंची पाइप तासाला हजार लिटरच्या आसपासच सोडतो. दुसरा दीड इंची निपल त्याच बाजूला ७ इंच उंचीवर बसवा. हा सांडवा. दोन्ही पाइप टाकीतच उतरवा. धरणाला सांडवा जेवढा गरजेचा तेवढाच इथेही. खालची वाट कधी चोंदली तर पाणी दिवाणखान्यात न येता परत टाकीत जाईल.

टबाच्या तळापासून २ इंच वर प्लास्टिकची जाळी ठेवा, पीव्हीसी पाइपचे तुकडे तिला पाय म्हणून पुरतात. जाळीवर कापसाचा एक थर, त्यावर बारीक भोकांचा स्पंज आणि सगळ्यात वर मोठ्या भोकांचा. स्पंज टबापेक्षा अर्धा इंच मोठे कापा म्हणजे कडेला घट्ट दाबून बसतील. पाण्याला कडेची फट सापडली की ते स्पंजात शिरतच नाही. वरून पाणी एका जागी धबधब्यासारखं पडू देऊ नका. पाऊण इंची पाइपाला दोन ओळींत ६ मिलिमीटरची तीसएक भोकं पाडा, शेवट बूच लावून बंद करा आणि तो पाइप टबावर आडवा टाका, म्हणजे पाणी सगळ्या स्पंजावर पसरेल.

कापूस म्हणजे रजईत घालतात तो पांढरा पॉलिस्टरचा, गादीवाल्याकडे किलोवर मिळतो. उशीत भरायच्या कापसाला बऱ्याचदा सिलिकॉन लावलेलं असतं. तो बोटांत धरला की तुळतुळीत लागतो आणि निसटतो. तो घेऊ नका. भांडी घासायचा पिवळा-हिरवा स्पंजही नको, काहींत जंतुनाशक असतं.

आता पंप. डब्यावर तासाला ३००० लिटर लिहिलेला, ४० वॉटच्या आसपासचा पाण्यात बुडणारा पंप घ्या. डब्यावरचा आकडा पाणी अजिबात न उचलता मोजलेला असतो. इथे बऱ्याच जणांची एक चुकीची समजूत आहे. पंप दोन फूट खोल पाण्यात आहे म्हणून त्याला दोन फूट जास्त उचलावं लागतं असं नाही. पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीचं तोंड जेवढं वर, तेवढीच त्याची चढण. टब टाकीच्या लगेच वर असल्यामुळे ही चढण फूट-सव्वा फूट होते. हीच गाळणी टाकीखाली कपाटात ठेवली असती तर तोच पंप चार-पाच फूट चढवताना दमला असता, शिवाय काचेला भोक पाडायचा खर्च आणि धोका वेगळा. खात्री करायची असेल तर १५ लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. नळीचं तोंड टबाच्या उंचीवर धरून बादली भरा. २७ सेकंदांत भरली तर बरोबर २००० लिटर होतात. माझी २५ सेकंदांत भरते.

पंप कुठे ठेवायचा हे टाकीलाच विचारा. माशांच्या खाण्याचे, भिजवून फुगलेले दहा-बारा दाणे पाण्यात सोडा आणि दहा मिनिटांनी ते कुठे गोळा झालेत ते पाहा. पंपाची जागा तीच. गाळलेलं पाणी समोरच्या टोकाला सोडलं की तळाचा प्रवाह घाण पंपाकडे ढकलत आणतो.

पंपात एक दोष आहे, तो लपवत नाही. त्याचा पंखा विष्ठेचा भुगा करतो, आणि भुगा पकडणं अख्ख्या तुकड्यापेक्षा अवघड. केंद्रावर तुरटीने धरलेले गोळे फुटू नयेत म्हणून आम्ही पाणी किती हलक्या हाताने ढवळायचो! इथे उपाय असा, की पंप एका प्लास्टिकच्या टोपलीत ठेवून त्याच्या सगळ्या बाजूंनी मोठ्या भोकांचा स्पंज ठासा. मोठे तुकडे तिथेच अडतील. टोपली आठवड्याला धुवावी लागते.

आणि आता जे सांगतो ते बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा. गाळणीत अडकलेली घाण अजून पाण्यातच आहे. चहा गाळून झाल्यावर गाळणी चोथ्यासकट त्याच चहात बुडवून ठेवावी, तसं ते आहे. वरून पाणी नितळ दिसतं, पण आत चोथा कुजतो आणि त्यातून अमोनिया सुटत राहतो. तुमचं बोअरचं पाणी बहुतेक जड आणि अल्कधर्मी, म्हणजे जास्त पीएचचं असणार, आपल्या पठारावर ते तसंच असतं. पाण्याचा पीएच जितका जास्त तितका त्यातला अमोनिया माशांना जास्त विषारी ठरतो. म्हणजे महागडा बंद कॅनिस्टर दोन महिने न उघडण्यापेक्षा ही उघडी गाळणी दर चौथ्या दिवशी धुणं माशांसाठी कितीतरी चांगलं. टब उघडा आणि हाताच्या उंचीवर असावा असं मी म्हणतो ते याचसाठी. जी गाळणी धुवायला कपाट हलवावं लागतं ती धुतली जात नाही.

धुवायची वेळ कशी ओळखायची? केंद्रावर वाळूचा थर किती चोंदला हे दाखवणारा काटा असायचा. तो चढला की हवा आणि पाणी उलटं सोडून थर धुवायचा. एरवी दिवस-दोन दिवस थर चालायचा, पण नदीला गढूळ आलं की एका पाळीत दोनदा धुतलेला आठवतो. तुमच्या टबात तो काटा फुकट मिळतो. स्पंज स्वच्छ असताना पाणी लगेच खाली उतरतं, चोंदत गेला की स्पंजावर साचायला लागतं. टबाच्या आतल्या बाजूला स्पंजाच्या इंचभर वर मार्करने रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की धुवा. वार लावून धुवायची गरज नाही.

धुताना टाकीतून सायफनने काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्यातच स्पंज पिळा. नळाखाली धुवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण मी ते केलंय. नोकरीला लागून चौथं वर्ष होतं. पाहुणे येणार म्हणून घरच्या टाकीचे सगळे स्पंज एकाच दिवशी नळाखाली खळाळून धुतले. त्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडायचं काम माझ्याच हातचं होतं, आणि क्लोरीन कशासाठी सोडतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. स्पंजात वाढलेले, अमोनिया पचवणारे सगळे जिवाणू मेले. पाच दिवसांत माझे सात मासे गेले. त्यातला एक गोल्डफिश माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेला होता. तेव्हापासून कापूस बदलतो त्या दिवशी स्पंजाला हात लावत नाही, आणि जाळीखाली जिवाणूंना राहायला सिरॅमिक रिंगा टाकल्यात त्या कधीच धुत नाही. तुमचं पाणी बोअरचं असल्यामुळे क्लोरीनचा धोका नाही, तरी सगळे थर एकदम धुवू नका. बादलीतलं काळं पाणी झाडांना घाला. माझ्या कढीपत्त्याला दुसरं खत लागत नाही.

बसवण्याआधी टब न्हाणीघरात मांडून पंप सुरू करा आणि खालचा पाइप तळहाताने बंद करा. सगळं पाणी सांडव्यातून निमूट गेलं पाहिजे. एक थेंबही कडेवरून सांडत असेल तर सांडवा वाढवा, पंप बदलू नका. पंप बंद झाला की टबातलं आठ-दहा लिटर पाणी टाकीत उतरेल आणि टाकीची पातळी जेमतेम एक सेंटिमीटर वाढेल, तेवढी जागा मोकळी ठेवा. टबाचं वजन टाकीच्या काचेवर टाकू नका. भिंतीला दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवा. वायर सॉकेटपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातूनच गळेल. पाण्यात हात घालण्याआधी पंपाचं बटण बंद, हा नियम घरातल्या लहानांनाही शिकवा. घरात विजेची गळती पकडणारा ब्रेकर नसेल तर दोन हजारांतून नव्हे, वेगळे पैसे काढून तो आधी बसवा.

राहिला सकर. तळाला दिसणारे ते लांब दोरे बरेचसे त्याचेच. तो काचेवरचं शेवाळ खातो हे खरं, पण जे खातो ते टाकीतच टाकतो, आणि वाढतो फूटभराच्या वर. त्याला ठेवा, पण सफाई कामगार समजून ठेवू नका, खाणारं एक तोंड समजा. कंटाळून नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतो. ऑस्करांना दिवसातून दोनदा, चार-पाच मिनिटांत संपेल एवढंच द्या. गाळणीचं अर्धं काम तिथेच हलकं होईल.

प्रश्न : माझी टाकी चारफुटी आहे. पाणी पोपटी हिरवं झालंय. फिल्टरमधला कापूस दुप्पट केला, तिप्पट केला, फरक पडत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पडणारही नाही. ते हिरवेपण म्हणजे पाण्यात मोकळं तरंगणारं शेवाळ. त्याच्या पेशी इतक्या बारीक असतात की कापसातून आरामात निघून जातात. कापूस कमी करा, नाहीतर पंप उगाच कोंडेल. टाकीवर खिडकीतून ऊन येतं का ते बघा. चार दिवस दिवे बंद ठेवा, टाकी जाड चादरीने पूर्ण झाका आणि खाणं अगदी थोडं द्या. हवेचा पंप त्या काळात चालूच हवा. नंतर तिसरा हिस्सा पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळही कुजतं. दिवे पुढे दिवसाला सहा-सात तासच.

रात्री टाकीच्या एका बाजूने टॉर्च मारून समोरून पाहायची सवय लावा. प्रकाशाच्या पट्ट्यात वेगळे कण चमकले तर गाळणीचं काम बाकी आहे. कण न दिसता सगळा पट्टाच हिरवा किंवा दुधी दिसला, तर तो गाळणीचा विषय नाही.

प्रश्न : आजोबा, मी आठवीत आहे. आम्हाला शाळेत शिकवलं की तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ होतं. आमच्या माशांच्या टाकीत तुरटी टाकली तर फिल्टर लागणारच नाही ना?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बाळ, प्रश्न अगदी बरोबर विचारलास. मी आयुष्यभर तुरटीच टाकत आलो. तुरटी पाण्यात विरघळली की तिचे पांढरे, मऊ गोळे तयार होतात आणि मातीचे कण त्यांना चिकटून खाली बसतात. केंद्रावर तो गाळ आम्ही खालून काढून टाकतो, मग पाणी वाळूतून जातं, मगच लोकांकडे. तुझ्या टाकीत तो गाळ मासे असतात तिथेच बसेल. ते गोळे माशांच्या कल्ल्यांनाही चिकटतात आणि त्यांना श्वास घेणं जड जातं. दुसरं असं, की तुरटी पाण्यातला अल्कधर्मीपणा खाऊन टाकते. कोकणातलं पाणी मुळात मऊ असतं, त्यात तो थोडाच. तो संपला की पाणी एकदम आंबट होतं, आणि आंबट पाण्यात तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम माशांना विषासारखं लागतं.

तुला प्रयोग करायचाच असेल तर दोन काचेचे ग्लास घे. दोन्हींत टाकीतलं गढूळ पाणी भर आणि एकातच तुरटी फिरव. अर्ध्या तासाने काय दिसतं ते वहीत लिहून मला पाठव. ग्लासातलं पाणी मात्र परत टाकीत ओतू नकोस.

प्रश्न : वीजबिलाच्या भीतीने मी फिल्टर रात्री बंद ठेवते. चालेल का? आणि वीज गेली तर काय करायचं?
— एक गृहिणी, मिरज

उत्तर : ताई, ४० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिटही पूर्ण होत नाही, महिन्याला २९ युनिट होतात. रात्री बंद ठेवून त्यातले दहा-बारा वाचतील. पण रात्री पाण्यातला प्राणवायू तसाही कमी होतो, आणि बंद डब्यात साचलेल्या पाण्यातले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात. सकाळी फिल्टर सुरू केला की तेच सडलेलं पाणी टाकीत येतं. बंद करू नका. वाचवायचंच असेल तर दिव्यांचे तास कमी करा.

वीज गेल्यावर काय, याचं उत्तर मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि चार दिवस वीज नव्हती. पहिल्या दिवशी मी तेव्हाच्या गाळणीतला कापूस आणि वरचा स्पंज काढून बाहेर ठेवला, म्हणजे घाण तरी पाण्यातून बाहेर गेली. खाणं पूर्ण बंद केलं. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. दर दोन तासांनी टाकीतलंच पाणी तांब्याने हातभर वरून शंभर वेळा ओतायचं, रात्रीसुद्धा. मी आणि माझी सून पाळ्या लावायचो. जाळीखालच्या रिंगांवर अधूनमधून तोच तांब्या ओतून त्या ओल्या ठेवल्या. चौथ्या रात्री वीज आली तेव्हा पंप लगेच सुरू केला नाही. आधी नळीत साचलेलं पाणी बादलीत काढून टाकलं, मग बटण दाबलं. अकराच्या अकरा मासे होते.